पहिल्या ओळीतलं नाव

मी 'माझी ओळख' बोलतोय. दचकू नका. मी माणूस नाही, आणि शाळेच्या निबंधात बोलते ती मोडकी खुर्चीही नाही. इंटरनेटवर कुणाचाही ब्लॉग उघडा, वरच्या कोपऱ्यात एक पान असतं. लिहिणारा कोण, कुठला, घरी कुत्री-मांजरं किती, आवड कशाची, जगाकडे तो कसा बघतो, हे सगळं त्या पानावर लिहिलेलं असतं. तसलंच एक पान मी. ब्लॉगचं नाव 'गोठ्यातलं बोलणं', मुक्काम शिवाजी पेठ, कोल्हापूर.

पान लहान असलं तरी मान मोठा आहे बरं का माझा. लोक आधी म्हशीच्या दुखण्याखुपण्याचं वाचतात, आणि मग हे सांगणारा शहाणा कोण, म्हणून माझ्याकडे येतात. मला वाचून त्यांचा विश्वास बसतो. मला हातपाय नाहीत, पण ज्याच्या फोनवर मी उघडा असतो तिथलं मला दिसतं आणि ऐकू येतं. त्यामुळे बसल्या जागी मी जेवढे गोठे बघितलेत तेवढे एखाद्या गुरांच्या डॉक्टरनंही बघितले नसतील.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा होईन. पाच वर्षं मी खोटं बोलत होतो. सगळा नाही, माझी फक्त पहिली ओळ खोटी होती. पण ओळखीच्या पानाची पहिलीच ओळ खोटी असेल तर बाकीच्या खऱ्याला काय चाटायचंय?

माझा जन्म गोठ्यात झाला. दुपारी दोनचा सुमार, म्हशी खाऊन बसलेल्या, रवंथ चाललेला. वर्षाराणी, म्हणजे त्या घरची सून, बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती. हातात फोन. ब्लॉग तयार झाला होता, पहिली गोष्ट लिहून झाली होती, आणि आता फोन विचारत होता, तुमच्याविषयी लिहा. तिनं लिहिलं, 'मी वर्षाराणी.' ते नाव तिनं बराच वेळ बघितलं. मग एकेक अक्षर पुसलं आणि लिहिलं, 'मी आण्णा. वय एकाहत्तर. जन्म म्हशींतच गेला.'

आण्णा म्हणजे तिचे सासरे, जोतीराम. पेठेत त्यांना जोतीराम म्हणून कुणी ओळखत नाही. म्हशीवाले आण्णा म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. दिवाळीच्या पाडव्याला पेठेतून म्हशी पळवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसं. मालक पुढे मोटारसायकलवर, गाडीचा सायलेन्सर काढलेला, आणि म्हैस त्या गर्दीतून फक्त मालकाच्या हाकेमागं धावते. आण्णांनी चाळीस वर्षं म्हशी अशा पळवल्या. त्या चाळीस दिवाळ्यांनी त्यांच्या कानांचं मात्र वाटोळं केलं. उजवा कान पुरता रजेवर गेलाय आणि डावा अर्धाच दिवस भरतो.

पहिल्या तीन गोष्टी खरोखर आण्णांच्याच होत्या. पाडव्याच्या मिरवणुकीच्या, जुन्या म्हशींच्या. वर्षाराणीनं त्या त्यांच्याकडून ऐकल्या आणि लिहिल्या, म्हणून नाव त्यांचं. तोवर काही बिघडलं नव्हतं. पण चौथ्या गोष्टीपासून आण्णांचं सांगणं संपलं आणि तिचं सुरू झालं. नाव तेवढं तेच राहिलं, आण्णांना न सांगता.

ही वर्षाराणी म्हणजे काय चीज आहे हे सांगायला मला कुणी परवानगी दिलेली नाही, पण मी सांगणारच. ती कबनूरची. वडिलांचे कापडाचे चार माग, घराला लागूनच. जन्मापासून कानात तो खडखडाट. लग्न होऊन पेठेत आली तेव्हा म्हशीला हात लावायलाही भ्यायची. दोन वर्षांत आण्णांचा गुडघा गेला. नवरा, धैर्यशील, शिरोलीला कारखान्यात नोकरीला. गोठ्यात उरल्या दोघी, सासू शालूबाई आणि ही. शालूबाईंनी तिला धार काढायला शिकवली, शेणघाण शिकवली, आणि आजवर एकदाही शाबास म्हटलं नाही, म्हणजे काम पसंत असणार.

पण एक विद्या तिची माहेरची होती. मागावर काम करणारा माणूस मागाकडे बघत बसत नाही, तो ऐकतो. धागा तुटला, सुताची कांडी संपत आली, की आवाज बदलतो आणि पाठ फिरवून उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. वर्षाराणीनं तेच कान म्हशींना लावले. पाच म्हशी रवंथ करत असल्या तर कुठली अडखळली हे तिला वैरण टाकता टाकता कळायचं. म्हैस एका घासाला पन्नासच्या आसपास चावते, मग गिळते, जरा थांबते, पुढचा घास वर आणते. हा ठेका ढिला झाला की म्हैस आजारी पडणार, चारा सोडायच्याही आधी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं दुपारमागून दुपार बसून ऐकलं, मोजलं, वहीत लिहिलं, आणि मग डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. असल्या बाईचा अभिमान वाटू नये तर कुणाचा वाटावा?

तर पहिल्या ओळीखाली माझ्यावर जे होतं ते सगळं असं तिचं होतं. तेव्हाचा मी तुम्हाला जसाच्या तसा वाचून दाखवतो.

'घरचे प्राणी: मॅडम नावाची म्हैस. संध्याकाळी गिऱ्हाइकांसमोर धार काढायला दूध कट्ट्याकडे निघाली की ऑफिसला उशीर झाल्यासारखी चालते, वाटेत कुणाकडं बघत नाही, म्हणून मॅडम. आणखी चार म्हशी आहेत, पण त्यांना आपलं नाव नेटवर यावं असं वाटत नाही. फौजदार नावाचा कुत्रा. चोर आला तर झोपतो, पोस्टमन आला तर भुंकतो. पंच नावाचं मांजर. भांडण कुणाचंही असो, मधे जाऊन बसतं.

'छंद: फुटबॉलची मॅच बघणे. पेठेची टीम खेळत असेल तर घरातलं कुठलंही काम थांबू शकतं. दुसरा छंद, दिवाळीत म्हशीच्या पाठीवर केस कातरून नक्षी काढणे. साडीच्या काठाची नक्षी काढतो, ती लोकांना आवडते.

'जगण्याकडे बघण्याची रीत: जनावराला बोलता येत नाही असं म्हणतात. ते दिवसभर बोलत असतं. आपण दुसऱ्या कामात असतो.'

आहे की नाही? वाचणाऱ्याला वाटायचं, काय रसिक म्हातारा आहे! एकाहत्तराव्या वर्षी फुटबॉल बघतो, साडीचे काठ ओळखतो. आणि वर आण्णांचा फोटो, पाडव्याच्या दिवशीचा, तांबडा फेटा, पिळदार मिशा. शंका कुणाला यावी? खरे आण्णा तर फुटबॉलच्या नावानं बोटं मोडणारे. ते लाल मातीतले. तालमीतली पोरं कुस्ती सोडून चेंडूमागं लागली, हे त्यांचं जुनं दुखणं.

वाचक वाढले. शिरोळ, कागल, गडहिंग्लज, पार बेळगावपर्यंत लोक मला उघडू लागले. खाली लिहायचे, 'आण्णा, तुमच्यासारखा जाणता माणूस नाही.' 'आण्णा, आशीर्वाद असू द्या.' आणि पन्नाशीच्या बाप्यांना ही तिशीतली बाई उत्तर द्यायची, 'सुखी रहा बाळ.' उत्तर धाडून झालं की जीभ चावायची.

तिला नाव हवं होतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण वर्षातून पाच-सहा वेळा ती मला उघडायची, पहिल्या ओळीवर बोट ठेवायची आणि तशीच बसायची. एकदा तर ओळ पुसून झालीही होती. त्याच वेळी खाली कुणीतरी लिहिलं, 'हल्ली बायामाणसं बी म्हशीवर व्हिडिओ काढाय लागल्यात. त्यांस्नी काय कळतंय? आण्णांसारखं अनुभवी माणूस पायजे.' तिनं ओळ पुन्हा होती तशी केली. नाव बदललं तर लोक जातील, आणि लोक गेले तर कुणाच्यातरी गोठ्यात म्हैस रवंथ थांबवून बसेल आणि कुणाला कळणार नाही, हे तिचं भय होतं. माझी मात्र चिडचिड व्हायची. एवढं मोलाचं अंगावर मिरवायचं आणि मालकिणीचं नाव सांगायची चोरी!

मग गेल्या थंडीत, एका रविवारी सकाळी, कृष्णात आला.

कृष्णात नृसिंहवाडीच्या पलीकडच्या एका गावचा. चाळिशीचा, दोन म्हशींचा धनी. हातात वाडीच्या पेढ्यांचा खोका आणि फोनवर मी उघडा. पत्ता विचारत, फोटो दाखवत, गल्लीतून थेट गोठ्यात येऊन उभा राहिला. म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

"पावणं, कुठलं म्हणायचं?" शालूबाईंनी विचारलं.

त्याचं लक्षच नव्हतं. आण्णा दारात खाटेवर ऊन खात बसले होते. फोटोकडे बघत, त्यांच्याकडे बघत तो ओरडला, "आण्णा! फेटा न्हाई, पर मिश्या त्याच की वो!" आणि त्यानं वाकून आण्णांचे पायच धरले.

"औक्षवंत व्हा," आण्णा सवयीनं म्हणाले. "कोण म्हणायचं?"

"मी कृष्णात. तुमच्यामुळं माझी म्हैस वाचली, आण्णा."

"माझ्यामुळं? म्या काय केलं?"

"तुमी लिवलंय न्हवं का, रवंथ मोजा म्हणून! माझ्या म्हशीचा तर पार थांबलाच हुता. आई म्हणाली, बघू सकाळपर्यंत. म्या म्हटलं न्हाय, आण्णांनी लिवलंय, वाट बघायची न्हाय. डॉक्टरला तसाच गाडीवर घालून आणला. डॉक्टर म्हणालं, आणखी दोन तास गेलं असतं तर म्हैस हाताला लागली नसती."

त्याचे डोळे भरून आले होते. वैरणीच्या पेंड्या सोडत असलेल्या वर्षाराणीचे हात थांबले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. शालूबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं आणि घाईनं म्हणाल्या, "चा टाकते. बसा पावणं."

पण पाव्हणे बसायला आले नव्हते. "आण्णा, एवढं दावा की. तुमी म्हणं म्हशीकडं पाठ करून नुसत्या आवाजावर सांगता, किती येळा चावली ते. आईला खरंच वाटंना झालंय. मी आज बघून जाणार."

आण्णा मठ्ठ नव्हेत. कुणीतरी आपल्या नावानं काहीतरी लिहिलंय, ते चांगलं आहे, आणि दारात आलेला माणूस त्यापायी पेढे घेऊन आलाय, आणि लिहिणारं कोण ते सुनेच्या चेहऱ्यावर दिसतंय, एवढं त्यांना तेवढ्यात उमगलं होतं. घरातली गोष्ट पाव्हण्यांसमोर उघडी करायची नसते, हेही त्यांना ठाऊक होतं. ते गुडघ्यावर हात रेटून उठले. गोठ्यात गेले आणि मॅडमकडे पाठ करून बादलीवर बसले. तोंड वर्षाराणीकडे.

मॅडमनं घास वर आणला आणि चावायला सुरुवात केली. कृष्णात तिच्या जबड्याकडे बघत बोटांवर मोजू लागला. आण्णांना काय ऐकू येणार? त्यांच्या कानांना मॅडम तिथं आहे की नाही हेही कळलं नसतं. पण समोर सून उभी होती आणि सवयीनं, तिच्याही नकळत, आकडे मोजत तिचे ओठ हलत होते. अर्धं बहिरं माणूस आयुष्यभर लोकांच्या ओठांवरच जगतं. आण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मॅडमनं घास गिळला. वर्षाराणीचे ओठ मिटले.

"चोपन्न," आण्णा म्हणाले.

"चोपन्न!" कृष्णात उडालाच. "बरोब्बर चोपन्न! आण्णा, मानलं तुमाला!"

त्यानं पेढ्यांचा खोका आण्णांच्या हातात दिला, चहा घेतला आणि जाता जाता विचारलं, "आन आण्णा, यंदा फुटबॉलच्या फायनलला कोण जातंय वो?"

आण्णांच्या मिशा थरथरल्या. ते सुनेकडे बघत म्हणाले, "फुटबॉल म्या सोडला. आत्ताच सोडला."

पाव्हणे गल्लीच्या वळणापलीकडे गेले आणि आण्णा खाटेवर बसले. "वर्षा, फोन आण. काय लिवलंयस माझ्या नावानं ते वाच. समदं."

तिनं मला उघडलं. आण्णांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचणं भाग होतं, त्यामुळे मी निम्म्या गल्लीला ऐकू गेलो. समोरच्या बाळाबाई धुणं अर्धवट टाकून दारात आल्या. 'मी आण्णा, वय एकाहत्तर' इथपासून पोरीनं सुरुवात केली. छंदांपाशी आल्यावर आण्णांनी हात वर केला.

"माझ्या नावानं फुटबॉल? तालमीत मला तोंड दावायला जागा ठेवली न्हाईस."

"चुकलं, आण्णा."

"चुकलं ते ऱ्हाऊ दे. माझं नाव का घातलंस ते सांग. तुला काय नाव न्हाई?"

 ती खाली बघून म्हणाली, "माझ्या नावानं कोण वाचणार, आण्णा? मागवाल्याची पोरगी, तिला म्हशीतलं काय कळतंय, असंच म्हणणार लोक."

"कोण म्हणलं असं?" आण्णा तडकले. "कोण म्हणलं तुला? नाव सांग त्याचं!"

 शालूबाई चहाच्या कपबश्या गोळा करत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "तुमीच की."

"मी?"

"लगीन होऊन आली त्या साली. कट्ट्यावर, चार माणसांत. पोरगी ग्लास धरून हुबी हुती तुमच्या बाजूला."

आण्णांचा डावा कान त्या दिवशी पूर्ण कामावर होता, असं मला वाटतं.  पेढ्यांचा खोका मांडीवर तसाच. माझं हृदय असतं तर ते तेव्हा धडधडलं असतं. म्हातारा उद्या ब्लॉगच बंद करायला लावतो की काय, अशी मला धास्ती पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आण्णा काठी टेकत गोठ्यात आले. "वाच," म्हणाले.

"काय वाचू?"

"पहिल्यापासनं."

त्या आठवड्यात रोज दुपारी हेच. ती एकेक गोष्ट वाचायची, आण्णा कान पुढे करून ऐकायचे. पहिल्या तीन गोष्टींना त्यांनी मान डोलावली. मिरवणुकीत बिथरलेली म्हैस हाकेला कशी वळली, ते पुन्हा ऐकवायला लावलं. चौथीला त्यांनी विचारलं, "ह्ये मी सांगितलंतं?"

"न्हाई, आण्णा."

"मग कुनी सांगितलं?"

"मॅडमनं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ऐकत बसले, आण्णा. तसं कळत गेलं."

पान्हा चोरणाऱ्या म्हशीचं तिनं वाचलं. उन्हाळ्यात पाणी कधी आणि किती वेळा दाखवायचं ते वाचलं. एक गोष्ट तर एका रेडकाची होती, जे जगलं नाही त्याची. आपल्याला उशिरा कळलं असं तिनं त्यात सरळ लिहिलं होतं. ती वाचताना आण्णांनी डोळे पुसले. पुढच्या सोमवारी सगळं वाचून संपलं. आण्णा मॅडमच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभे होते.

"तीन माझ्या," ते म्हणाले. "बाकी किती?"

"एकशेनऊ."

"चाळीस वर्सं गोठ्यात काढली म्या. ह्यातलं निम्मं मला ठाव न्हाई. माझं नाव पूस."

"लोक जातील, आण्णा."

"जाऊ देत की."

"तुमचं ऐकून डॉक्टरला बोलवत्यात. माझं ऐकून बोलवणार न्हाईत. म्हशी मरतील कुणाच्यातरी."

हे आण्णांनाही पटलं असावं. त्यांनी विचार केला. मग काठी आपटून म्हणाले, "मग असं लिव. लिव, की आण्णा सांगतो, हिचं ऐका. मला इचारू नगा, मला ऐकू येत न्हाई. आन हिच्या बाबतीत मी एकदा कट्ट्यावर चुकीचं बोललोय, ते म्या परत घेतलंय. लिव, लिव! बघतीस काय?"

वर्षाराणी रडत होती आणि लिहीत होती. तिची आसवं फोनच्या काचेवर पडली, त्यामुळे दोन अक्षरं भलतीच उमटली, ती तिनं पदरानं काच पुसून नीट केली. माझी पहिली ओळ गेली. तिथं आता होतं, 'मी वर्षाराणी. वय तेहतीस. माहेर कबनूर, सासर शिवाजी पेठ. इथलं जवळजवळ सगळं मी लिहिलंय. पाच वर्षं दुसऱ्याच्या नावामागं लपले, त्याची माफी मागते.' त्याखाली आण्णांचं सांगणं, त्यांच्याच शब्दांत.

"फोटो कुठला लावू?" तिनं विचारलं.

"माझाच ऱ्हाऊ दे की. फेटा झकास आलाय."

"अवो, नाव वर्षाराणी आन खाली मिश्या?" शालूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन घेऊन स्वतःच सुनेचा फोटो काढला. वर्षाराणी मॅडमला टेकून बसलेली, डोळे मिटून ऐकत असलेली. कोपऱ्यात शालूबाईंचा अंगठा आलाय. तो तसाच ठेवलाय.

आण्णा जरा घुटमळले. "माझं नाव पार काढू नगं. खाली कुठंतरी ऱ्हाऊ दे."

"कुठं घालू, आण्णा? खाली प्राणी हायत, छंद हायत, इचार हायत."

"प्राण्यांत घाल," आण्णा म्हणाले. "तू घालतीस तवाच खातोय की मी बी."

आणि ते खरंच तिथं आहेत. मॅडम, फौजदार, पंच आणि आण्णा. आण्णांच्या नावापुढे तिनं लिहिलंय, 'फुटबॉल आवडत नाही.' तालमीत तोंड दाखवायला त्यांना पुन्हा जागा झाली.

लोक गेले का? गेले. पहिल्या आठवड्यात शेकड्यांनी गेले. खाली नाही नाही ते लिहून गेले. फसवणूक म्हणाले, बाईची जातच अशी, म्हणाले. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची, 'नावाचं चुकलं, माफी असावी. म्हशीचं लिहिलंय ते डॉक्टरना दाखवून घ्या.' आता मात्र 'बाळ' म्हणायची नाही. कृष्णातचा फोन आला तेव्हा तो चांगलाच घुश्श्यात होता. "मग पेढं म्या कुणाला दिलं?" त्यानं विचारलं. आण्णांनी फोन ओढून घेतला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्या खाल्लं! तिला दुसरं आणा!"  पलीकडे कृष्णात हसायला लागला, आणि मला वाटतं तिथंच त्याचा राग गेला.

तरी वर्षाराणीचं मन थाऱ्यावर नव्हतं. दुपारी ती मला उघडायची, वाचकांचा आकडा बघायची आणि मिटायची. महिनाभर नवीन काही लिहिलं नाही तिनं. आपण आपल्या नावापायी कुणाच्यातरी म्हशीचं नुकसान केलं, असं तिला वाटत होतं. मी तिला काय सांगणार? तिच्यासमोर मला फक्त तिचेच शब्द बोलता येतात.

आणि मग एका दुपारी माझ्याखाली एक मजकूर आला. लिहिणाऱ्याचं बोट सवयीचं नव्हतं, मधे मधे जागा सुटल्या होत्या.

'मी आक्काताई. कृष्णातच्या फोनवरनं लिवते. म्हशी दोन हायत, धार मीच काढते, बावीस वर्सं काढते. लेकानं तुमचं समदं वाचून दावलंतं. धाकट्या म्हशीच्या सडाला गाठ झालीया. दोन महिनं झालं. आण्णांना, बाप्या माणसाला, सडाचं कसं इचारायचं म्हणून गप हुते. आता इचारते. बाई हाय कळलं, बरं वाटलं.'

वर्षाराणीनं ते दोनदा वाचलं. बादलीवरून उठली, पुन्हा बसली. गाठ केवढी, गरम लागते का, दुधात गुठळी येते का, हे सगळं विचारून झाल्यावर तिनं लिहिलं, 'आजच डॉक्टरला बोलवा, आक्काताई. कृष्णातला म्हणावं, आण्णांचा हुकूम आहे.' तिसऱ्या दिवशी आक्काताईंचं उत्तर आलं. डॉक्टर येऊन गेले होते, औषध सुरू होतं, सड वाचण्यासारखा होता.

मग दुसरी बाई आली, कागलची. मग निपाणीकडची एक. मग चिमणाबाई नावाच्या एक आजी, ज्यांचं नातवानं लिहून दिलं. इतकी वर्षं माझ्याखाली बाप्यांची नावं येत होती आणि धारा काढणाऱ्या, शेण उचलणाऱ्या, आजारी म्हशीपाशी बसून राहणाऱ्या बाया नुसत्या शेजारी बसून ऐकत होत्या, हे मलाही माहीत नव्हतं. आता त्या लिहितात. बहुतेक जणी सुरुवात करतात ती 'अमक्याची आई', 'तमक्याची मंडळी' अशी. वर्षाराणी प्रत्येकीला आधी एकच विचारते, 'आणि तुमचं नाव?'

आज माझी लांबी फार झालीय. वर तिची ओळख चार ओळींची आणि खाली या बायांच्या ओळखी, बोटानं सरकवून दमाल इतक्या. मी मूळचा एकीचा, पण आता किती जणींचा आहे ते मोजत नाही. ब्लॉगचं काही खरं नसतं, कंपनीनं एक दिवस दुकान गुंडाळलं तर मीही जाईन. जायचा तेव्हा जाईन. तोवर तुमच्या फोनवर उघडा आहे, तर एक विनंती करतो. वाचून नुसते निघून जाऊ नका. खाली जागा आहे. तुम्ही कोण आहात ते लिहा. कुणाचे कोण, ते मागनं बघू.